जीन्स घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर: डेनिमची ओळख, निवड आणि निगा

नवी जीन्स आखूड करण्यासाठी शिंप्याकडे दिली असेल, तर परत घेताना खालची कापलेली पट्टीही आठवणीने मागून घ्यावी. बहुतेक जण ती तिथेच सोडून येतात आणि ती चिंध्यांच्या पिशवीत जाते. घरी आल्यावर त्या चार बोटांच्या पट्टीची कापलेली कड नखाने उसवून एक निळा धागा ओढून काढावा आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेने उलगडावा. बाहेरून गर्द निळा दिसणारा तो धागा आतून जवळजवळ पांढरा निघतो. वांग्याची साल जांभळी आणि गर पांढरा असावा, तसाच हा प्रकार आहे.

आजवर केवळ रंग आणि किंमत पाहून जीन्स घेणाऱ्या, आणि वर्षभरात ती मांडीत विरली किंवा पहिल्याच धुण्यात आटली म्हणून चुकचुकणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. कोणती जीन्स घ्यावी, ती कधी आणि कशी धुवावी, इस्त्रीवाल्याला काय बजावावे, यांबद्दल पुढे जे सांगितले आहे, त्यातील बरेचसे त्या पांढऱ्या गाभ्याशी येऊन थांबते. म्हणून सुरुवात कापडापासून केलेली बरी.

कापड ओळखणे

डेनिम हे तिरक्या विणीचे, म्हणजे ट्विलचे, सुती कापड आहे. मागावरच्या उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. साध्या विणीत प्रत्येक धागा एकावरून आणि एकाखालून जातो. घरोघरी असणाऱ्या मांजरपाटाची वीण अशीच असते. डेनिममध्ये मात्र ताण्याचा धागा सहसा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जाऊन मग एका धाग्याखाली शिरतो, आणि शेजारचा धागा हीच उडी एक घर पुढे सरकून घेतो, त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. ताणा निळा आणि बाणा बिनरंगी असल्यामुळे वरची बाजू निळी, तर आतली फिकट दिसते. डेनिमचा शर्ट म्हणून जे विकले जाते, ते पुष्कळदा शॅम्ब्रे असते, म्हणजे रंगांची जोडी तीच, पण वीण साधी. तिरपी रेघ दिसली नाही, तर ते डेनिम नव्हे. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये शॅम्ब्रेच अधिक सुखाचे असल्यामुळे त्यावरून दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण नाही. आपण काय विकत घेत आहोत, एवढे माहीत असावे.

रंगाचे प्रकरण थोडे अधिक समजून घेण्यासारखे आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. धागा रंगवण्यासाठी ती आधी रासायनिक क्रियेने विरघळणाऱ्या रूपात आणावी लागते, आणि त्या रूपात तिचा रंग निळा नसून पिवळसर हिरवा असतो. सुताचे दोरखंडासारखे जुडगे या द्रावणात बुडवून हवेत वर काढले, की ऑक्सिजनमुळे नीळ मूळ रूपात परत येते आणि धागा डोळ्यांदेखत निळा होतो. बुडवणे आणि हवेवर काढणे हा क्रम अनेकदा केला जातो, तसतसा रंग गडद होत जातो. परंतु प्रत्येक बुडी थोडक्या वेळाची असल्यामुळे नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय ती सुताशी घट्ट रासायनिक बंध जोडत नाही, तिचे कण तंतूंमध्ये नुसते अडकून बसलेले असतात. त्यामुळे जिथे घासले जाते, तिथला निळा थर सुटतो आणि आतला पांढरा वर येतो. एरवी ज्याला आपण कच्चा रंग म्हणून नाव ठेवले असते, त्याच गुणावर डेनिमचे सगळे कौतुक उभे आहे.

या रंगाचे आपल्याशी नाते जुने आहे. इंडिगो हे त्याचे युरोपीय नावच भारतावरून पडले. १९१७ मध्ये चंपारणचा सत्याग्रह ज्या निळीच्या शेतीवरून झाला, तिचा बाजार तोवर कृत्रिम निळीने बराचसा खाल्ला होता, कारण जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने ती १८९७ मध्येच विक्रीस आणली होती. आज दुकानात मिळणारी निळी जीन्स जवळजवळ नेहमी या कृत्रिम निळीनेच रंगवलेली असते. डेनिम हे नाव फ्रान्समधील नीम शहरावरून आणि जीन्स हे इटलीतील जिनोआवरून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र त्यांच्याच गोत्रातला डंगरी हा शब्द थेट मुंबईच्या डोंगरीचा आहे. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाचे नाव इंग्रजांनी आपल्या भाषेत नेले आणि ते कामगारांच्या पोशाखाला चिकटले. खिशांच्या कोपऱ्यांवरील तांब्याचे रिबिट हेही कामगारांसाठीच होते. नेव्हाडातील रीनो येथील जेकब डेव्हिस या शिंप्याने खिसे फाटू नयेत म्हणून ते ठोकायला सुरुवात केली आणि लीव्हाय स्ट्रॉस यांच्याबरोबर २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळवले.

काळी जीन्स सहसा निळीने नव्हे, तर गंधकयुक्त रंगाने रंगवतात. ती विटली की निळी होत नाही, करडी होते. कायम काळीभोर राहील अशी अपेक्षा ठेवून ती घेऊ नये.

किती जाड कापड घ्यावे

डेनिमची जाडी औंसांत सांगतात, आणि हा आकडा म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचे वजन होय. जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये, हिशेब करायचा असेल, तर औंसाच्या आकड्याला ३४ ने गुणावे. १० औंसांचे कापड सुमारे ३४० जीएसएम भरते. ढोबळमानाने ९ औंसांपर्यंतचे कापड हलके, १० ते १२ औंसांचे मध्यम आणि १४ औंसांपासून पुढचे जाड समजावे.

पुण्यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीकडे जातो आणि पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्यामुळे पहिलीच जीन्स घेणाऱ्याने १० औंसांच्या आसपासचे कापड घ्यावे, असे माझे मत आहे. १४ औंसांची जाडजूड जीन्स डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर गाडीवरून जाताना उबदार वाटते. मात्र जुलैत ती एकदा भिजली, की पुढचे काही दिवस ती दांडीवर आणि आपण दुसऱ्या पॅंटमध्ये. दुकानातील लेबलवर वजन क्वचितच छापलेले असते. ऑनलाइन घेताना वर्णनात ते कधी कधी सापडते. प्रत्यक्ष दुकानात मांडीजवळचे एकेरी कापड चिमटीत धरून आपल्या जुन्या पॅंटशी तुलना करणे, हाच व्यवहारी उपाय.

त्यानंतर आतले लेबल वाचावे. शंभर टक्के सुती असेल, तर कापड सुरुवातीला ताठ लागेल, वापरून मऊ होईल आणि झीजही सुंदर दिसेल. इलास्टेन, म्हणजे ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो, ते १ ते २ टक्के असेल, तर उठबस सोपी होते आणि ज्यांना दिवसभर खुर्चीत बसायचे आहे, त्यांच्यासाठी ते सोयीचे आहे. प्रमाण त्याहून बरेच वाढले, की जीन्स लेगिंगसारखी अंगाला चिकटते आणि काही महिन्यांत गुडघ्यांवर फुगे धरते. रबरासारखे ताणणारे हे तंतू उष्णतेने आणि ब्लीचने मरतात, हे धुताना आठवावे लागेल.

लेबलवर सॅनफोराइज्ड असे लिहिलेले असेल, तर ते कापड कारखान्यातच यंत्राने आटवून घेतलेले आहे, असे समजावे. साध्या दुकानांतील जवळजवळ सर्व जीन्स अशाच असतात. तसे न केलेली, हौशी लोकांची जीन्स पहिल्या भिजवण्यात लांबीला दहा टक्क्यांपर्यंतही आटू शकते, म्हणजे ३२ इंचांचा पाय २९ इंचांवर येऊ शकतो. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

सेल्व्हेज या शब्दाचे सध्या फार स्तोम माजले आहे. जुन्या पद्धतीच्या धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा न तुटता उलट-सुलट फिरतो आणि कापडाची कड आपोआप बंद होते. साडीचा काठ जसा सुटत नाही, तसेच हे. असे माग अरुंद असतात, कापड सावकाश निघते आणि म्हणून महाग पडते. पायाची दुमड उलटली की बाजूच्या शिवणीवर ही पांढरी, बहुधा लाल रेघेची कड दिसते. तिने कापडाच्या टिकाऊपणाची खात्री मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवून आवड असल्यास जरूर घ्यावे.

विटवलेल्या आणि फाडलेल्या जीन्सबद्दल मी पूर्वग्रहदूषित आहे, हे आधीच मान्य करतो. मांडीवरच्या पांढऱ्या रेघा, गुडघ्यावरचा फिकटपणा आणि फाटलेली भोके कारखान्यात सॅंडपेपर, लेसर, रसायने किंवा दगडांबरोबरच्या धुलाईने आणलेली असतात. म्हणजे कापडाचे निम्मे आयुष्य आधीच खर्ची घालून उरलेले निम्मे पूर्ण किमतीला विकायचे. वाळूचा फवारा मारून कापड विटवण्याच्या पद्धतीत कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो, आणि तुर्कस्तानने २००९ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. पहिली जीन्स गर्द, एकसारख्या निळ्या रंगाची घ्यावी. विटवण्याचे काम आपले गुडघे विनामूल्य करतात.

मापे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. लेबलवरचा ३२ हा आकडा प्रत्यक्षात ३२ इंच असेलच असे नाही. निरनिराळे उत्पादक त्याच आकड्याखाली ३३ किंवा ३४ इंचांचीही कंबर देतात, कारण लहान आकडा पाहून गिऱ्हाईक सुखावते. म्हणून आकड्यावर विसंबण्याऐवजी घरातील सर्वांत नीट बसणारी पॅंट मोजावी. ती बटण लावून जमिनीवर सपाट पसरावी आणि शिवणकामाच्या टेपने पुढील मापे कागदावर उतरवावीत: पट्ट्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, जिची दुप्पट म्हणजे कंबर; पायांमधल्या जोडापासून पुढच्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, जिला राइझ म्हणतात; जोडाच्या लगेच खाली मांडीची रुंदी; जोडापासून तळापर्यंतची आतल्या शिवणीची लांबी; आणि शेवटी मोहरीची, म्हणजे पायाच्या तळाची, रुंदी.

यांतील राइझकडे लोक अजिबात लक्ष देत नाहीत आणि पुढे तीच जीन्स अंगाला नको होते. राइझ कमी असेल, तर खाली बसताना पट्टा मागून घसरतो आणि पोटाला काचतो. स्लिम, स्ट्रेट, टेपर्ड ही नावे दुकानागणिक बदलतात, पण मांडी आणि मोहरी यांचे आकडे खोटे बोलत नाहीत. मांडी भरदार असेल, तर मांडीला सैल आणि तळाकडे निमुळती होत जाणारी जीन्स पाहावी. घट्ट मांडीची जीन्स सर्वांत आधी तिथेच विरते.

लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांत किंवा मॉलमध्ये घालून पाहण्याची सोय असते. कॅम्पातील फॅशन स्ट्रीटवर आणि फर्ग्युसन रस्त्याच्या कडेच्या ठेल्यांवर ती बहुधा नसते, आणि तिथे खिशातील टेप व कागदच कामाला येतात. ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसते ताठ उभे राहून काहीही कळत नाही. जीन्स घालून उकिडवे बसावे, जमल्यास मांडी घालून बसावे, आणि गाडीवर टांग टाकतो तसा पाय वर उचलून पाहावा. दुकानातला मुलगा चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्यावे. आपल्याकडे जेवायला, पूजेला आणि गप्पांना अजूनही जमिनीवर बसावे लागते, आणि पाश्चात्त्य मापांची जीन्स या एका परीक्षेत सर्रास नापास होते. शंभर टक्के सुती जीन्स काही दिवसांच्या वापराने कंबरेत अर्धा ते एक इंच सैल पडते, म्हणून ती घेताना किंचित तंग असावी. बटण लावताना श्वास धरावा लागला, तर मात्र ते तंग नव्हे, लहान आहे.

पैसे देण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे जीन्स उलटी करून शिवणी पाहाव्यात: खिशांच्या कोपऱ्यांवर दाट टाके आहेत का, आतल्या खिशाचे कापड घट्ट आहे की मलमलीसारखे झिरझिरीत, चेन अडखळत तर नाही. दुसरी म्हणजे पट्टा दोन्ही हातांनी धरून जीन्स समोर लोंबती सोडावी आणि बाहेरची शिवण सरळ खाली येते का, ते पाहावे. तिरक्या विणीला अंगचाच पीळ असतो; कारखान्यात तो आधी काढून घेतला नसेल, तर धुतल्यावर पाय वळतो आणि बाजूची शिवण नडगीवर येऊन बसते. लेबल कापून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या निर्यातीच्या मालात हा दोष पुष्कळदा आढळतो, आणि शिंपी तो दुरुस्त करू शकत नाही.

शिंप्याकडे

आखूड करण्याआधी जीन्स एकदा धुऊन वाळवावी. लेबल काहीही म्हणो, अर्धा-पाऊण इंच कधी कधी जातोच, आणि कापलेले कापड परत येत नाही. माप देताना रोजची पादत्राणे घालून जावे. मूळ दुमड तशीच ठेवून आखूड करता येते का, असे विचारावे. त्यात शिंपी खालची दुमड वेगळी काढून वर जोडतो आणि तिच्यावरचा विटलेला, पिळदार रंग कायम राहतो. साध्या शिलाईपेक्षा याला जास्त पैसे पडतात, आणि ही पद्धत निवडली तर कापलेली पट्टी मधल्या भागाची असते, इतकेच. दुमडीवर कापडाचे चार-सहा थर एकत्र येतात, म्हणून १६ किंवा १८ नंबरची सुई आणि जाड दोरा लागतो. ज्या दुकानात प्रामुख्याने ब्लाउज आणि कुर्ते शिवतात, तिथे बारीक सुईने टीप घालताना टाके सुटतात. मशिनवर पॅंटचे काम चाललेले दिसेल, तिथेच द्यावे.

कंबर मागच्या बाजूने एक ते दीड इंचापर्यंत कमी करता येते. त्यापुढे गेल्यास मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात.

पहिले काही आठवडे

नव्या गर्द जीन्सच्या पृष्ठभागावर सुटी नीळ असते आणि ती ज्याला घासेल, त्याला लागते. फिकट रंगाचा सोफा, पांढरे बूट, कॅनव्हासची पिशवी आणि जीन्सवर घालायचा पांढरा कुर्ता यांच्यापासून तिला महिनाभर दूर ठेवावे. कुर्त्याचा आतला घेर निळसर झाल्यावर अनेकींना हे कळते. मला ते जुलैत कळले. दोनच दिवसांपूर्वी घेतलेली गर्द जीन्स घालून कर्वे रस्त्याने जाताना पाऊस गाठला, रेनकोटची पॅंट घरी होती, आणि घरी पोहोचून उतरलो तेव्हा स्कूटरच्या मोतिया रंगाच्या सीटवर दोन निळ्या मांड्या स्वच्छ उमटल्या होत्या. माझ्या स्वतःच्या मांड्याही निळ्या झाल्या होत्या, पण त्या साबणाने निघाल्या. सीटचे कव्हर शेवटी बदलावे लागले.

मिठाच्या, तुरटीच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, असे घरोघरी सांगतात. इतर काही रंगांच्या बाबतीत रंगवतानाच्या भांड्यात मिठाचा उपयोग असतो, त्यावरून हा समज आला असावा. निळीच्या बाबतीत ते लागू पडत नाही, कारण पक्के करण्यासारखा बंधच तिथे नाही. पहिल्या धुण्याला जीन्स एकटीच, उलटी करून, गार पाण्यात अर्धा तास भिजवावी आणि निळे झालेले पाणी ओतून द्यावे. सुटी नीळ बरीचशी तेवढ्यानेच जाते.

धुणे

किती दिवसांनी धुवावी, यावर दोन टोकाची मते आहेत. सहा-सहा महिने न धुण्याचा सल्ला थंड देशांतून आलेला आहे. कॅनडातील एडमंटन शहरातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने एक जीन्स १५ महिने न धुता वापरली, तेव्हा तिच्यावरील जिवाणूंचे प्रमाण सुमारे दोन आठवडे वापरलेल्या जीन्सइतकेच आढळले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु एडमंटनच्या हवेतील १५ महिने आणि पुण्यातील मे महिन्यात सिग्नलला उभे राहून घामाने भिजलेले १५ दिवस यांची बरोबरी होत नाही. घामाचे क्षार आणि रस्त्यावरची बारीक धूळ धाग्यांमध्ये बसली, की तीच कापडाला घासत राहते. दुसरीकडे, प्रत्येक वापरानंतर धुण्यानेही तेच होते, फक्त घासण्याचे काम यंत्र करते. मध्यम मार्ग असा, की उन्हाळ्यात चार-पाच वेळा आणि हिवाळ्यात आठ-दहा वेळा घालून झाल्यावर धुवावी, आणि मधल्या दिवसांत रात्री उलटी करून खिडकीजवळ टांगावी. जीन्स फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती विसरून जावी. थंडीने जिवाणू निद्रिस्त होतात, मरत नाहीत, आणि मळ तर जागचा हलतही नाही.

धुताना चेन आणि बटण लावून जीन्स उलटी करावी, गार पाणी आणि सौम्य द्रव साबण वापरावा, मशीन ठासून भरू नये आणि पिळण्याचा वेग कमी ठेवावा. जास्त वेगाने पिळताना पडलेल्या घड्या एकमेकींवर घासतात आणि वाळल्यावर कापडावर पांढरट शिरा उमटतात. पांढऱ्या कपड्यांसाठीच्या पावडरींत चमक आणणारी द्रव्ये आणि कधी ब्लीचही असते, त्यामुळे निळा रंग मलूल होतो. शहराच्या कडेच्या ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येते, तिथे साबण नीट फेसाळत नाही आणि त्याचा थर कापडात राहून जीन्स पत्र्यासारखी ताठ होते. अशा ठिकाणी साबण वाढवण्याऐवजी एक खळबळणी जास्त करावी.

घरी धुण्याला मावशी येत असतील, तर नवी जीन्स त्यांच्या हाती देण्याआधी स्पष्ट सांगावे, की ब्रश मारायचा नाही आणि दगडावर धोपटायची नाही. प्लॅस्टिकच्या कडक ब्रशने गुडघ्यावर चार हात मारले, की तेवढ्या जागेचा निळा थर गेलाच. पायाच्या तळाशी चिखल असेल, तर तो आधी पूर्ण वाळू द्यावा, हाताने चुरून झटकावा आणि मग तेवढाच भाग साबणाने चोळावा. विसर्जनाचा गुलालही असाच आधी कोरडा झटकावा. ओला केला की तो पसरतो. गाडीच्या चेनचे तेल लागल्यास भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा थेंब टाकून बोटाने चोळावे.

वाळवणे आणि इस्त्री

जीन्स उलटीच आणि सावलीत वाळत घालावी, कारण उन्हाने नीळ विटते. पायांकडून टांगली, तर पट्ट्याच्या वजनाने सुरकुत्या आपोआप ओढल्या जातात. पावसाळ्यात पट्टा, खिसे आणि जोड या जागा सर्वांत शेवटी वाळतात. खिसे बाहेर काढून पंख्याखाली टांगावी आणि त्या जागा हाताला गार लागत असतील, तोवर घडी करून कपाटात ठेवू नये. एकदा कुबट वास धरला की पुन्हा धुण्यावाचून गत्यंतर नसते. ड्रायरच्या उष्णतेने सूत आटते आणि इलास्टेन मरते.

इस्त्रीची गरज सहसा पडत नाही. तरी कपड्यांच्या गाठोड्यातून जीन्स इस्त्रीवाल्याकडे जाते आणि तो सवयीने फॉर्मल पॅंटसारखी मधोमध धारदार घडी पाडतो. ती घडी म्हणजे कापडाचा सर्वांत वर आलेला कंगोरा. जाता-येता तोच घासला जातो, आणि काही महिन्यांत पायाच्या बरोबर मध्यावर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ उमटते, जी नंतर कशानेही जात नाही. जीन्सला मध्ये घडी नको, हे एक वाक्य इस्त्रीवाल्याला सांगून ठेवावे.

विरल्यावर

पुण्यात जीन्स गुडघ्यावर फाटण्याआधी मांडीच्या आतल्या बाजूला विरते, कारण रोज तास-दोन तास तीच जागा गाडीच्या सीटवर घासली जाते. दर दोन-तीन महिन्यांनी जीन्स उलटी करून ती जागा खिडकीच्या उजेडासमोर धरावी. आधी निळे उभे धागे झिजून तुटतात आणि पांढरे आडवे धागे जाळीसारखे उरतात. जाळी दिसू लागली, पण भोक पडलेले नाही, हीच दुरुस्तीची योग्य वेळ होय. आतून कापडाचा तुकडा लावून वरून मशिनने दाट, मागेपुढे रफू करून घ्यावे; भोक पडू दिले, तर तेच काम दुप्पट मोठे आणि दुप्पट उठून दिसणारे होते. पेठांमध्ये रफूचे काम करणारे कारागीर अजून आहेत. दोरा जीन्सच्या नव्या रंगाचा नव्हे, तर आताच्या विटलेल्या रंगाचा निवडावा, आणि तो निवडायला जीन्स घेऊनच जावे.

आतून लावायच्या तुकड्यासाठी बाहेरचे कापड शोधू नये. शिंप्याकडून आणलेली ती पट्टी याचसाठी जपायची असते: कापड तेच, जाडी तीच, रंगही त्याच घाण्यातला. फक्त ती कपाटात कोरी ठेवली, तर दोन वर्षांनी विटलेल्या जीन्सवर गर्द ठिगळासारखी उठून दिसेल. म्हणून पट्टीच्या कडांवर एक टीप मारून ती जीन्सच्या मागच्या खिशात ठेवावी, आणि दर वेळी जीन्सबरोबरच तीही धुवायला टाकावी.